आरशातून बोलणारी

माझ्या डोक्यावर एक बाई दिवसभर चालत होती. म्हणजे वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून परत स्वयंपाकघरापर्यंत. आमच्या इमारतीची छतं पातळ आहेत, खाली राहणाऱ्याला वरच्यांची पावलं ओळखता येतात. तिच्या नवऱ्याची चप्पल फरफटते. सासूबाईंची काठी आधी वाजते, मग पाय. मुलगी एक तर धावते, नाही तर पडून असते. चौथी पावलं हिची, सरळ, एका लयीतली, न थांबणारी. साथ येण्याआधी ती पावलं मी कधी ऐकलीच नव्हती, कारण ही दिवसा घरात नसायचीच.

इमारतीत तिला तोंडावर ताई आणि पाठीमागे कात्रीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "पाठीमागे काय चालतं ते मला नाही कळणार तर कुणाला, काकू? माझा धंदाच पाठीमागे उभं राहायचा," ती म्हणायची.

कोपऱ्यावर, औषधांचं दुकान आणि चपला शिवणारा यांच्यामध्ये, तिचं बायकांचे केस कापण्याचं दुकान होतं. एकच खोली, तीन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. बंद पडलेल्या एका कापडाच्या दुकानातून तिनं तो आरसा आणवला होता. आणताना उचलणाऱ्यांना घाम फुटला आणि एक कोपरा उडाला. त्या कोपऱ्यासमोर तिनं कंगव्यांचा डबा ठेवला, आणि विषय संपवला.

माझे केस तीच कापायची. शाळेत उवांना कंटाळून सिस्टरांनी आम्हा सगळ्या मुलींचे केस कानाखाली आणले, तेव्हापासून ते तिथेच आहेत. खुर्चीत बसलं की ती मागे उभी राहायची आणि आरशातून बोलायची. कुणी मान वळवून तिच्याकडे बघू लागलं, तर दोन्ही हातांनी डोकं धरून पुन्हा समोर करायची. "इकडे नाही, तिकडे बघा. मी तिकडे आहे." बायका तिला आपल्या घरचं सगळं सांगायच्या, आणि तीही सांगायची. तिची आई कशी गेली, नवरा किती घुमा आहे, दुसरं मूल पोटातच कसं गेलं, हे सगळं मी आरशातच ऐकलं. समोरासमोर मात्र तिला दोन वाक्यं जड जायची. रस्त्यात कुणी भेटलं की गोंधळायची. बँकेतल्या बाईंना एकदा तिनं ओळखच दिली नाही, आणि त्या रागावल्या. मला म्हणाली, "काकू, त्यांचा तीळ भलत्याच गालावर होता हो! मला वाटलं, बहीणबिहीण असेल."

मग साथ आली आणि दुकानं बंद झाली. पहिले काही दिवस ती खुशीत होती. गॅलरीतून वाकून मला म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा दुपारची झोपले!" तिनं माळे आवरले, पडदे धुतले, डब्यांची झाकणं शोधून ज्याची त्याला बसवली.

आणि मग घरात जागाच उरेना. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकुलत्या एका टेबलाशी नवऱ्याचं ऑफिस. तो एका विमा कंपनीत हिशेब बघतो, त्याच्या बैठका सुरू झाल्या की घरानं कुजबुजत वावरायचं. आतल्या पलंगावर मुलीची शाळा, फोनमधली. बाहेरच्या कोचावर सासूबाई आणि समोर टीव्ही, त्यावर सकाळपासून मेलेल्यांचे आकडे. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते आकडे मलाही पाठ होते. उरलं स्वयंपाकघर. ते तिचं, पण त्याला दार नव्हतं, पडदा होता.

"आई, चार्जर कुठाय?"

"अगं, भांडी जरा हळू."

"सूनबाई, चहाचं बघतेस ना?"

"आई, मागून जाऊ नको ना, सगळ्यांना दिसतेस!"

आणि त्या सगळ्यातून ती पावलं. मधूनमधून सासूबाईंचा आवाज यायचा, "अगं, पायाला भिंगरी लावून घेतलीस का? बस की जरा."

"बसलेय की, आई." पावलं चालूच.

मी एकदा विचारलं, "काय गं, झोप लागते का?"

"लागते."

"जेवतेस नीट?"

"हो." माझ्याकडे न बघता ती समोरच्या गच्चीकडे बघत होती. खोल गेलेले डोळे आणि वर आलेली गालाची हाडं मला खालूनसुद्धा दिसत होती.

माझी गॅलरी तिच्या गॅलरीपेक्षा हातभर पुढे आलेली आहे. वरून काही पडलं की माझ्याकडे येतं. पहिल्यांदा दोरे आले, पडद्याच्या झालरीचे. मग पायपुसण्याचे गोंडे. मला वाटलं, जुनं सामान नीट करतेय. मग पानं आली. सुकलेली पानं कापणं मी समजू शकते, पण ही हिरवीगार होती, आणि कडेनं कापलेली, अर्धी. दुसऱ्या दिवशी आणखी. मग नुसते देठ. वर बघितलं तर तिच्या कुंड्यांतून बोटाएवढे खुंट उभे होते.

"झाडांना काय झालं गं?"

"सारखी नव्हती, काकू. एक बाजू वर जात होती."

हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. मी घरात आले आणि उगाच धुतलेले कप पुन्हा धुतले.

तिच्या मुलीचे केस कमरेपर्यंत होते. आईच्या कात्रीला इमारतीत तेवढंच एक डोकं घाबरत नाही, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. एका दुपारी मी गॅलरीत मोजे वाळत घालत होते, तेव्हा वरून काहीतरी हलकं माझ्या खांद्यावर येऊन पडलं. केसांचे नखाएवढे तुकडे. टोकं छाटतेय, म्हटलं बरं झालं, हाताला काम मिळालं. थोड्या वेळानं बोटाएवढे आले.

"झालं, आई?"

"थांब. डावी बाजू खाली आहे."

मग वीतभर लांबीचे आले. एक बट माझ्या मोज्यांवर लोंबकळत राहिली.

"झालं ना आता?"

"हलू नकोस. आता उजवी."

मुलगी बोलायची थांबली. कात्रीचा आवाज तेवढा, भराभर, भराभर. मी वर बघून तिच्या नावानं हाक मारली. पुन्हा मारली. कात्री थांबली नाही. मग चप्पल धावली, नवऱ्याचा आवाज आला, "काय केलंस हे? अगं, काय केलंस?" सासूबाईंची काठी पडली. आणि मग तिचा आवाज, पार सपाट:

"दोन्ही बाजू सारख्या होतच नाहीत."

केस कापणाऱ्यांना ही चूक ठाऊक असते. समोर मोठा आरसा असला की दोन्ही बाजू एकदम दिसतात, हात कुठे थांबायचं ते कळतं. घरात होता नवऱ्याचा दाढीचा आरसा, तळहाताएवढा. त्यात एक बाजू आली की दुसरी जाते. दुकानात शिकायला येणाऱ्या मुलींना ती स्वतःच बजावायची, आरशाशिवाय बाजू जुळवायला जाऊ नका, डोकं संपेल पण बाजू जुळणार नाहीत. त्या दुपारी मुलीच्या डोक्यावर टाळूला चिकटलेले केस तेवढे उरले.

त्यानंतर वरची पावलं थांबली. रोजनिशीत मी लिहिलं, "वर शांत." लिहिताना बरं वाटलं नाही. इतके दिवस त्या पावलांनी माझं डोकं उठवलं होतं, आणि आता मी छताकडे कान लावून बसले होते. पुस्तक उघडायचं, मिटायचं. उठायचं, बसायचं. माझ्याच खोलीत मी येरझाऱ्या घालू लागले.

दूध, भाजी घ्यायला तेव्हा सगळ्यांनी गॅलऱ्यांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची टोपली खाली येता येता माझ्या कठड्याशी थांबली. आत रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. उघडलं तर तिची कात्री, दुकानातली, जिला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"हे काय गं?"

"ठेवून घ्या, काकू."

"किती दिवस?"

"ठेवा फक्त. मी मागितली तरी देऊ नका." ती कठड्यावर वाकली होती, पण बघत होती दोरीकडे. "ह्यांनी दुकानाच्या मालकांना फोन केलाय. टाळेबंदी उठली की खोली रिकामी करतो म्हणून. मी हो म्हटलं."

"तू हो म्हणालीस? अगं, त्या खोलीसाठी तू..."

"तिच्या मानेशी होती कात्री, काकू. ती रडतेय ते मला कळत होतं, आणि मला थांबता येत नव्हतं. हा असला हात घेऊन कुणाच्या मागे उभी राहू?" मग म्हणाली, "कालपासून ती माझ्याकडे पाठ करत नाही. भिंतीला टेकून बसते."

मी टोपली कठड्याबाहेर ढकलली, ती खाली गेली.

माझी एक भाची मनाच्या आजारांची डॉक्टर आहे. मी तिला फोन केला, नंबर वर पाठवला, आणि हिला बऱ्याच विनवण्या करून पुढच्या सोमवारची वेळ ठरवली. सोमवारी भाचीचाच मला फोन. "मावशी, तुझ्या शेजारणीनं मला अर्धा तास नळ ऐकवला."

झालं होतं असं, की घरात दार असलेली जागा एकच, न्हाणीघर. ती फोन घेऊन तिथे गेली, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. तिचं बोलणं पाण्यात गेलं. त्यात बाहेरून सासूबाई काठीनं दार ठोकत होत्या, "अगं, किती वेळ? टाकी संपवतेस का?" भाची म्हणाली, "तिला जागा हवी आहे, मावशी. गोळ्या मी देईन, पण जागा कुठून देऊ?"

जागा माझ्याकडे होती. यजमान गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे. मी वर फोन लावला. नवऱ्यानं घेतला.

"काकू, तुमचं वय बघता..."

"माझं वय माझ्याजवळ आहे, मी बघते त्याच्याकडे. खिडक्या उघड्या ठेवीन, मी पुढच्या गॅलरीत बसेन. ती तोंडाला बांधून येईल."

"तसं नाही हो. पण तिला घरात काय कमी आहे? आम्ही सगळे आहोत की तिच्याजवळ."

"तेच तर," मी म्हटलं.

माणूस वाईट नाही. त्याच्या आवाजात भीती होती, आणि भीती वाटली की काही पुरुष हिशेब करू लागतात. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "जाऊ दे रे तिला खाली! इथे नळ सोडून बसते, त्यापेक्षा बरं. आणि तिनं दोन दिवसांत एक घास धड खाल्लेला नाही, ते दिसतं का तुझ्या त्या कॉम्प्युटरवर?"

ती आली. तोंड बांधलेलं, हातात फोन. मी मागच्या खोलीकडे बोट केलं आणि पुढच्या गॅलरीत जाऊन बसले. दार लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, ही तिथेही नुसती उभी राहणार. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पुन्हा शांत. आणि मग बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पण आवाज ओळखीचा होता. तो वरच्या घरातला आवाज नव्हता, दुकानातला होता, उभ्यानं बोलणारा, मध्येच खाली जाणारा, मध्येच हसणारासुद्धा. एकदा तो तुटला. मी उठले आणि परत बसले. मग तो पुन्हा सुरू झाला.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. म्हणाली, "काकू, दार बंद होतं हो!" जणू असं काही ती विसरूनच गेली होती. आणि तशीच वर गेली, फोन न घेता.

मी आत गेले. त्या खोलीत कपाटाच्या दाराला माणसाच्या उंचीचा आरसा आहे. त्याच्यासमोर खुर्ची, खुर्चीत उशीला टेकवून फोन, आरशाकडे तोंड केलेला, आणि फोनभोवती माझा टॉवेल गुंडाळलेला, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी गुंडाळतात तसा. फोनमधून भाचीचा आवाज आला.

"मावशी, ती गेली का? हा टॉवेल काढ गं आधी, गुदमरतेय."

"हा काय प्रकार?"

"पहिली दहा मिनिटं ती फोनकडे बघून नुसती हो, नाही करत होती. मग म्हणाली, डॉक्टर, तुमची हरकत नसेल तर तुम्ही बसा. आणि मला खुर्चीत बसवलं. स्वतः मागे उभी राहिली. म्हणे, मान सरळ ठेवा आणि आरशात बघा. नंतर मला एक शब्द बोलावा लागला नाही." भाची पुढे म्हणाली, "जाताना सांगून गेली, तुमचा भांग उजवीकडून चांगला दिसेल."

काही गोळ्या सुरू झाल्या आणि दर सोमवार ठरला. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. एका सोमवारी ती आली, फोन लावलाच नाही, खोलीत जमिनीवर बसून राहिली आणि वेळ संपल्यावर वर गेली. एकदा भर बैठकीत नवऱ्यावर इतकी ओरडली, की त्याच्या साहेबांनी म्हणे विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्यानंतर तो दुपारचा चहा स्वतः करू लागला. पहिल्या दिवशीचा करपलेला वास खालपर्यंत आला. "पातेलं गेलं, पण मुलगा शिकला," सासूबाईंनी गॅलरीतून मला कळवलं. टीव्ही आता दुपारी बंद असायचा. तो कुणी बंद केला ते मला कळलं नाही. वरची पावलं परत चालू झाली होती, पण आता ती मधे मधे थांबायची. कुठेतरी बसत असावीत.

मुलगी मात्र टोपी घालूनच शाळेला बसायची, आणि आईला मागून जाऊ द्यायची नाही. हे एवढं एक बदलत नव्हतं. ते मला सांगताना आईचा आवाज अजून सपाट व्हायचा.

टाळेबंदी उठणार अशी बातमी आली त्या सोमवारी ती फोन झाल्यावर दाराशी घुटमळली.

"काकू, कात्री कुठाय?"

ती माझ्या कपाटात होती, रुमालातच. "मागितली तरी देऊ नका, असं तूच म्हणाली होतीस."

"हो. म्हणाले होते."

"मग? कशाला हवी?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या डोक्याकडे बघत होती. "आई म्हणतात, खालच्या काकूंचा पार झाडू झालाय."

मी आरशात बघितलं. सासूबाई बरोबर होत्या. केस खांद्यावर आले होते, शाळेनंतर पहिल्यांदाच. मी कपाट उघडलं, रुमाल तिच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, कात्रीची नाही, ती मधेच सोडून पळून जाईल याची.

तिनं टॉवेल माझ्या गळ्याशी बांधला. पहिली बट बोटांत धरली, सोडली, पुन्हा धरली. मी आरशात तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बोला काहीतरी, काकू." मी बोलत सुटले. भाजीवाल्याचं, औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेचं, काय वाटेल ते. कात्री चालू झाली. आधी अडखळत, मग नेहमीच्या लयीत.

आम्हा दोघींना कळलंच नाही, मुलगी कधी येऊन दाराशी उभी राहिली ते. डोक्यावर टोपी, पाठ चौकटीला घट्ट टेकलेली. उजवी बाजू झाली. डावी झाली. तिची आई एक पाऊल मागे सरकली आणि आरशात बघू लागली.

"आई," मुलगी दारातूनच म्हणाली, "डावीकडे जास्त आहेत."

होते. मलाही दिसत होतं, बोटाच्या पेराएवढे. तिनं पुढे होऊन डाव्या बाजूची टोकं बोटांत धरली. कात्री उघडली. मी मान सरळ ठेवली. कात्री तशीच उघडी राहिली, आणि मग मिटली.

"आहेत," ती म्हणाली. "राहू देत. काकू, चालेल ना?"

"मला काय, डाव्या बाजूला कुठे जायचंय," मी म्हटलं.

मुलगी हसली नाही. पण चौकट सोडून आत आली, खुर्चीशेजारी आरशासमोर उभी राहिली आणि टोपी काढली. केस वाढले होते, चटईच्या काथ्यासारखे सगळीकडून उभे. तिची पाठ आईकडे होती. आईनं कात्री झग्याच्या खिशात टाकली आणि हात खाली सोडले. हात लावला नाही.

"हे कधी वाढणार?" मुलीनं आरशातून विचारलं.

"वाढतील. मी नाही लावणार कात्री."

"थोडी लावलीस तर चालेल. मागून फार घाण दिसतंय." मुलगी मान वाकडी करून बघत राहिली. "पण इथे नाही. दुकानात. मोठ्या आरशात."

आईनं माझ्या गळ्याचा टॉवेल सोडला, गॅलरीत जाऊन झटकला, घडी करून माझ्या हातात दिला. कात्री खिशातच होती, मी मागितली नाही. दोघी जिन्यानं वर गेल्या, मुलगी पुढे, आई मागे.

मी छताकडे बघत उभी राहिले. तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली नाहीत, गॅलरीकडेही नाहीत. सरळ नवऱ्याच्या टेबलाशी गेली आणि थांबली. त्याची बैठक चालू होती.

"अहो," तिचा आवाज आला, मला स्पष्ट ऐकू येईल एवढा, "ते जरा बंद करा, आणि दुकानाच्या मालकांना फोन लावून द्या. मी बोलते."